तळ्याआधीचा उतार
हीटरवर वाळत घातलेल्या ओल्या लोकरी हातमोज्यांचा वास आला की मला अजून दादाचा राग येतो. २०१७ च्या फेब्रुवारीत तो नाशिकहून आमच्याकडे व्हँकुव्हरला आला होता. डोंगरातलं गोठलेलं तळं त्याला एकदा बघायचंच होतं, म्हणून बर्फात पाय रुतू नयेत यासाठी बुटांखाली बांधायचे स्नोशूज भाड्याने घेऊन मी त्याला वर नेलं. रात्रभर बर्फ पडून गेलेला, वर लख्ख ऊन, आणि तळं समोरच्या उताराच्या अगदी पलीकडे. तेवढ्यात पायाखालचा बर्फ 'धप्प' आवाज करून खचला आणि एक बारीक भेग उताराच्या दिशेने पळत गेली. मी इथे केलेल्या हिमस्खलनाच्या कोर्समध्ये धोक्याची हीच खूण शिकवली होती. बर्फाचा वरचा थर खालच्यावर नीट बसलेला नव्हता, कधीही घसरून खाली आला असता. "मागे फिरायचं," मी म्हटलं. "अगं, तळं हे काय समोर आहे! सह्याद्रीत मी काय कमी कडे चढलोय?" "ते दगड होते, दादा. हा बर्फ आहे." आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी तो तणतणत मागे फिरला. झाडीपर्यंत पोहोचलो आणि मागे वळून पाहिलं, तर दोघं जण त्याच उतारावरून आरोळ्या ठोकत, स्की करत मजेत खाली येत होते. "बघ, त्यांना काही झालं?" दादा म्हणाला. संतापाने नुसतं रडू आलं. आजही घरातल्या प्रत्येक कार्यात तो हा किस्सा रंगवून सांगतो आणि सगळे हसतात. उतार कोसळला असता तर मी शहाणी ठरले असते. तो कोसळला नाही, म्हणून मी घाबरट. आणि तसं म्हणायला दादा धडधाकट समोर बसलेला आहे, हे मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही.