मधल्या खोलीची कडी

गाडी सुटायच्या आधी आई प्लॅटफॉर्मवरून काचेतून मला खुणा करत होती. एसी डब्याची खिडकी उघडत नाही, ग्वाल्हेरला गाडी फार वेळ थांबत नाही, आणि सांगायचं राहिलेलं तिला ओरडून सांगता येत नव्हतं. तिने मूठ मिटली, अंगठा तोंडाशी नेला आणि मान मागे टाकली. मग पुन्हा एकदा. समोरच्या सीटवरचे गृहस्थ हसू दाबत माझ्या नवऱ्याकडे, अनिकेतकडे, बघू लागले. सासूबाई जावयाला दारूवरून दम देतायत असं त्यांना वाटलं असणार. आई बाटलीच म्हणत होती, पण दुधाची. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी आहे, पावडरचा डबा वरच्या पिशवीत आहे, वेळेवर दे. माझ्या मांडीवर सव्वा महिन्याची रेवा झोपली होती. मी मान हलवली. गाडी हलली तेव्हा आई रडत होती. मला फक्त गाडीने वेग घ्यावा असं वाटत होतं.

लग्न होऊन याच स्टेशनवरून पुण्याला निघाले होते तेव्हा झाशी येईपर्यंत माझं रडणं थांबलं नव्हतं. पुण्यात मराठी माणसांत राहायला मिळेल म्हणून बाबा खूश होते. तिथे पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या? मराठी छान बोलता तुम्ही." मी आधीच कमी बोलते, त्यानंतर आणखी कमी बोलू लागले. ऑफिसात इंग्रजीवर निभावतं. त्यामुळे दिवस राहिले आणि आई फोनवर म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच, बस, डिस्कशन नाही," तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आमच्याकडे कुणी दार वाजवून आत येत नाही, हे मी पुण्यातल्या मैत्रिणींना तोवर कौतुकाने सांगायचे.

आमचं घर ग्वाल्हेरच्या कंपू भागात, एका गल्लीत. बाळंतिणीसाठी आईने मधली खोली रिकामी केली होती, कारण ती स्वयंपाकघराला लागून आहे आणि शेकशेगडी न्यायला सोपी. पण बाथरूमला जायचा रस्ताही तिच्यातूनच. नर्सिंग होममधून आले त्या दिवशी मी रेवाला घेऊन बसले आणि आतून कडी लावली. आईने लगेच दार ठोठावलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्यांदा तिने दादाला हाक मारली आणि दादा कडी काढायला पेचकस घेऊन आला.

"बाळंतिणीने आतून कडी लावायची नसते," आई म्हणाली. "चक्कर आली, पडलीस, तर आम्ही काय दरवाजा तोडायचा?"

"दो मिनट का काम है," दादा म्हणाला, आणि खरंच तेवढाच वेळ लागला. दारावर स्क्रूची चार भोकं राहिली. त्यांच्याकडे बघत मी पुढचा महिना काढला.

अंगावर पाजणं आपोआप जमतं असं मला वाटत होतं. निदान कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. रेवा ओढायची, सोडायची, चिडायची. बोंडांना चिरा पडल्या. एकीकडे दूध साकळून गाठी झाल्या, कपडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आराम से, अकेले में बैठकर पिलाओ. टेन्शन लोगी तो दूध नहीं उतरेगा." मी रिक्षात आईला तेच पुन्हा म्हणून दाखवलं, कारण माझ्या स्वतःच्या शब्दांत ते सांगायची मला लाज वाटत होती.

"अकेले में म्हणजे काय?" आई म्हणाली. "आपल्या घरात परकं कोण आहे?"

परकं खरंच कुणी नव्हतं. कामवाली खोली पुसायला यायची. दादा टॉवेल खांद्यावर टाकून, मान खाली घालून बाथरूमकडे जायचा. बाबा जाताना पेपर तोंडासमोर धरायचे, आणि त्या पेपरचा आवाज मला उघड्या डोळ्यांपेक्षा जास्त टोचायचा. दार करकरलं की मी ओढणी ओढायचे, रेवाचं तोंड सुटायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. भेटायला येणारी प्रत्येक बाई चप्पल काढता काढता विचारायची, "दूध येतंय ना हिला?" सकाळी नळ आले का विचारतात त्याच आवाजात. आई बाहेरूनच उत्तर द्यायची, "कुठलं काय, उतरतच नाहीये." फोनवर इंदूरलाही तेच, भोपाळलाही तेच. माझ्या शरीराची बातमी सगळ्या नातेवाइकांकडे पोचली होती.

नया बाजारातली शोभामावशी रोज यायची, हळिवाची खीर घेऊन. तिचा जीव होता माझ्यावर, हे मला मान्य आहे. ती पलंगावर माझ्या समोरच बसायची आणि म्हणायची, "हं, लाव आता. मी बघते कुठे चुकतंय."

"मावशी, तू जरा बाहेर बसतेस?"

"बघ गं बाई," ती आईला हाक मारून सांगायची, "तुझी लेक मला बाहेर काढतेय. अगं, आम्ही भरल्या घरात पाजायचो. इतकी कसली शरम? त्या कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का?"

आई हसायची. मग मीही थोडं हसायचे, कारण त्या घरात मी नेहमी तेच करत आले होते.

बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. बाहेर जेवणं चालली होती, म्हणून मधल्या खोलीत कुणी नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि रेवाने नीट तोंड लावलं. पहिल्यांदाच. दुखत नव्हतं. तिच्या घशातून गिळल्याचा बारीक आवाज येत होता आणि दुसऱ्या बाजूने दूध आपोआप झिरपून ब्लाउज भिजत होता. मला वाटलं, जमलं. एवढंच होतं तर हे. तेवढ्यात दार सताड उघडलं. मावशीचे मिस्टर, आमचे काका, हात धुवायला निघाले होते. "अरे, अरे, सॉरी बेटा," म्हणत ते तसेच उभे राहिले, कारण पुढे जावं की मागे हे त्यांनाही कळेना. मी दचकून रेवाला बाजूला ओढलं. ती अशी किंचाळली की पंगत थांबली.

मावशी आली आणि माझ्या हातातून तिला घेऊन गेली. बाटली तयारच होती. ती केव्हा आणली, कुणी आणली, मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून मावशीचा आवाज आला, "बघा, कशी गटागट पितेय. भूखी थी बेचारी." बायका हसल्या. सगळ्यांना हायसं वाटलं, ते मला आतही ऐकू येत होतं. आई येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "सुटलीस बाई."

त्यानंतर रेवाने मला तोंड लावलं नाही. बाटलीतून दूध झटकन यायचं, माझ्याकडे वाट बघावी लागायची. वाट बघायला त्या घरात कुणालाच वेळ नव्हता.

पुण्याच्या फ्लॅटच्या बेडरूमला कडी आहे. मी ती लावून बसायचे. दूध काढायचा पंप आणला, स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी खूप मदत केली आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "थोडं आधी आला असतात तर." काही आठवडे बाटलीच्या तळाशी जेमतेम ओल यायची, मग तीही थांबली. त्यानंतर दार लावायचं कारण उरलं नाही. मी सवयीने लावत राहिले, आत बसून बाटली द्यायचे. रेवा आता अडीच वर्षांची आहे, धडधाकट आहे, सगळं खाते. त्यामुळे या गोष्टीबद्दल बोलायलाही आता काही जागा नाही.

गेल्या महिन्यात दादाला मुलगा झाला. ऋचावहिनीची आई आजारी असते, म्हणून तिचं बाळंतपण ग्वाल्हेरलाच केलं. मी बारशाला गेले. तिलाही मधलीच खोली दिली होती. दार बंद होतं. बाबा हातात टॉवेल घेऊन बाहेर खुर्चीवर बसले होते, आंघोळीसाठी थांबून. मला वाटलं, काही झालंय.

"ऋचा पाजतेय," आई हळू आवाजात म्हणाली. "थोडं थांब, उघडेल ती."

दार उघडलं तेव्हा आतल्या बाजूला नवी पितळी कडी दिसली. जुनी चार भोकं लांबी भरून बुजवली होती, वरून रंग दिला होता.

"दादाने बसवली," आई म्हणाली. "महाराज बाड्याच्या बाजारातून चांगली बघून आणली. नवीन मुलगी आहे, तिला संकोच वाटतो नं."

"माझ्या वेळी काढली होती," मी म्हणाले. मी हे बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं.

आईने माझ्याकडे खऱ्या आश्चर्याने पाहिलं. "तुझं काय," ती म्हणाली, "तू तर घरचीच."

ग्वाल्हेरहून निघून पुण्या-बंगळुरूला स्थिरावलेल्या आम्ही मुली भेटलो की घराबद्दल बोलतो, तिथे किती मोकळं वाटतं वगैरे. मी हल्ली त्यात फारसं बोलत नाही. आई खोटं बोलली नव्हती. मी घरचीच आहे. तिथे जे मागून मिळतं ते परक्याच्या मुलीला, आणि माझ्याजवळ असलेलं न विचारता काढून घेता येतं, प्रेमानेच. मला त्या घराची अजून आठवण येते, आणि आता या आठवणीचाच मला राग येतो.

निघायच्या दिवशी वहिनी बाळाला घेऊन गच्चीवर उन्हात बसली होती. मी कपडे बदलायला मधल्या खोलीत गेले आणि कडी लावली. ती नवी होती, आवाज न करता सरकली. थोड्या वेळाने दार ढकललं गेलं.

"कोण आहे आत?" आईचा आवाज आला.

"मी आहे."

"तूच आहेस? मग कडी कशाला लावलीस?"

माझे कपडे बदलून झाले होते. बॅग भरलेली होती. मी पलंगावर बसून राहिले आणि आईला तिथेच उभं राहू दिलं.