मामांनी आवळून ठेवलेला वेग

‘आपोआप’ या शब्दाचा आमच्या मामेसासऱ्यांइतका तिटकारा असलेला दुसरा माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडला नसता. मामा आयुष्यभर मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते, म्हणजे बोटीचे सगळे निरोप वायरलेसवरून धाडणारे नि घेणारे. जे बांधलेलं नाही ते सुटणारच, ही त्यांची समुद्रावरची खात्री जमिनीवरही कायम राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा पंख्याचा रेग्युलेटर तीनवर चिकटपट्टीने पक्का केलेला, टीव्हीच्या आवाजाचं बटण दोऱ्याने आवळलेलं, आणि ताट सरकू नये म्हणून ताटाखाली ओलं फडकं. घर मिरकरवाड्याच्या चढावर, पायाखाली पक्का जांभा खडक. ताट सरकायला भूकंपच हवा होता. मी हादरून बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे सोलकढी पीत होती.

मी बंदराजवळच्या एका मासळी निर्यातीच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत असे. मामा कायमचे घरी आले आणि दिवसभर घरातली बटणं आवळू लागले, तेव्हा मामींनी अगदी काकुळतीला येऊन मला गळ घातली. मी शेठकडे शब्द टाकला आणि मामा आमच्याकडे वायरी बघायला लागले. दोन हजार चार साल असेल. त्याच वर्षी शेठनी मॅनेज्ड स्विच आणला. म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडणारी पेटीच, पण कुठली वायर किती वेगाने चालवायची हे आपण तिला सांगू शकतो. मामा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले ते जेवायलाच उठले.

आठवडाभरात पॅकिंग विभागाची लाइन अशी काही मंदावली की मला धक्काच बसला. डोळ्याचं पातं लवायच्या आत येणारी वजनांची यादी वर ऑफिसात यायला अर्धा तास घेऊ लागली. खाली कोळंबीचा कंटेनर उभा आणि कागद तयार नाहीत. मामांनी वायर बदलली, तिची टोकं नव्याने बसवली, बर्फाचं पाणी उडवता म्हणून पॅकिंगच्या बायकांना दम भरला. त्या बायकांनी उलट त्यांनाच असं झापलं की मामा दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाहीत. लाइन तशीच रखडत राहिली. शेवटी शेठनी मला बोलावून हळू आवाजात सांगितलं की उद्या मुंबईहून स्विच तपासायला माणूस येतोय, आणि चूक मामांची निघाली तर त्यांना घरी बसवावं लागेल.

मी घाईघाईने स्विचच्या सेटिंग्ज उघडल्या आणि थिजलोच. पॅकिंगच्या लाइनसमोर चुकांचा आकडा बघता बघता वाढत होता. स्विचच्या टोकाला कोणीतरी वेग हाताने पक्का केला होता, पलीकडचा कॉम्प्युटर मात्र ‘ऑटो’वरच होता, म्हणजे समोरच्याला विचारून वेग आपोआप ठरवणारा. इकडून उत्तर येईना, तेव्हा त्याने पाळीपाळीने बोलायचं ठरवलं. स्विच मात्र एकाच वेळी बोलत नि ऐकत होता. दोघे सारखे एकमेकांवर आदळत होते.

“मीच केलंय,” मामा मागून म्हणाले. “ऑटोवर सोडून दिलेलं होतं. असं सोडतात होय?”

मी चूक दाखवली. त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला.

“शेवटच्या सफरीत माझ्या खोलीत नवा सेट बसवला होता, जावईबापू,” ते म्हणाले. “तो आपला आपणच बोलायचा. मी चार महिने बाजूला नुसता बसून होतो. त्यानंतर कंपनीला रेडिओ ऑफिसर लागला नाय.”

इतकी वर्षं मी या माणसाच्या दोऱ्यांना हसत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. मामांनी स्वतःच्या हाताने ते टोक ‘ऑटो’वर टाकलं. यादी क्षणात वर आली. वायरच खराब होती असं मी शेठना सांगणार होतो. पण मामा माझ्याआधी केबिनमध्ये गेले आणि चूक आपली म्हणून सांगून आले. शेठ चाट पडले. त्यांनी मुंबईच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं आणि मामांना राहा म्हणाले. मामा चार दिवस आले, स्विचच्या हिरव्या दिव्यांसमोर बसले आणि मग यायचे थांबले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी, सकाळी ऑफिसात कोणी नसताना, मी एक वायर उपसली आणि ती सुटली म्हणून त्यांना फोन केला. दहा मिनिटांत आले. स्विचच्या मागे वाकले, वायर हातात घेऊन तिचं टोक निरखलं.

“ही सुटलेली नाय,” ते म्हणाले. “ओढलेली आहे.”

 त्यांनी वायर जागेवर बसवली, खुर्ची पुढे घेतली आणि चहा मागवायला सांगितला. त्यानंतर दीडदोन वर्षं, ते गेले तोवर, मी महिन्यातून एखादी वायर काढत राहिलो आणि ते येऊन बसवत राहिले.