मुद्दाम नासवलेलं दूध

बायांनो, आज लय दमले, तरी लिवते. वाचून कागद पुढच्या घरी द्या.

माझा लेक इटलीच्या लढाईवरनं येऊन महिना झाला. बोलणंच टाकलंय त्यानं. चार वर्षांची पोरगी बापाला पाव्हणा म्हणती, जवळ जात न्हाई.

आज आपणहून म्हणाला, "आये, तिकडं एक म्हातारी भाकरीवर फाटलेल्या दुधाचा गोळा, पाला आन् अंजीर घालून द्यायची. करूया?"

"चांगलं दूध मुद्दाम नासवलं तर म्हस आटती रं!"

"एकदाच गं."

तापल्या दुधात लिंबू मीच पिळलं. त्यानं चोथा फडक्यात बांधून पिळला, भाकरीवर पसरला, वर मेथीची कवळी पानं, अंजिराच्या फोडी. अंजिरं खंडाळ्याच्या विहीणबाईंनी धाडलेली. त्यांच्या गुडघ्याचं मागनं सांगते. धुरानं डोळं गेलं माझं, कंबर तर ऱ्हायलीच न्हाई.

नात दारातनं बघत हुती. "पाव्हणं, मला?"

लेकानं तुकडा मोडला. त्याच्या मांडीवर बसून तिनं सगळा खाल्ला. मग मलाच इचारती, "आजे, पाव्हणं आता परत जाणार न्हाईत न्हवं?"

लेक हसला बायांनो, महिन्यानं!

उद्याचं दूध बी नासवायचं ठरलंय. म्हस समजून घेईल का गं?