नकाशा नसलेला गेम

दिगंबरभाऊंच्या गावाला डावीकडून भिंतच नव्हती. गाव म्हणजे मोबाइलवरचं. या गेममध्ये आपण गाव वसवायचं, भोवती भिंत घालायची, तोफा ठेवायच्या आणि शत्रूला आत येऊ द्यायचं नाही. भाऊंनी उजवीकडे तिहेरी भिंत घातली होती. मनोरे, तोफा, कोठारं, सगळं उजव्या अंगाला दाटीवाटीनं बसवलेलं. डावा अर्धा भाग मोकळा होता, नुसतं गवत.

"पाहा म्याडम," मोबाइल माझ्यापुढे धरत ते म्हणाले, "आज पुन्हा लुटलं मले. हा गेम चिटिंग करते. चहुबाजूनं भिंत बांधली, तरी कुठून येतेत तेच समजत नाई."

"चहुबाजूंनी?" मी विचारलं.

"हाव. पाहा ना तुमीच."

मी पाहिलं. चार दिवसांपूर्वी याच माणसाच्या रिपोर्टवर मी सही केली होती, आणि आज तो दुसरबीडहून मेहकरपर्यंत स्वतः गाडी चालवत आला होता. टेबलावर त्यानं आणलेला पेढ्यांचा पुडा होता. त्यातला एक माझ्या तोंडात होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेल्या लोकांचे हातपाय पुन्हा कामाला लावणं हा माझा धंदा. लकवा म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते आणि त्या भागाचं काम थांबतं. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. दिगंबरभाऊंच्या मेंदूची उजवी बाजू बिघडली होती, म्हणून डावा हात लुळा पडला होता. वय बावन्न. आयुष्यभर काळीपिवळी, म्हणजे गावोगावची माणसं नेणारी जीप, चालवलेला माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "म्याडम, स्टेरिंग धरता येईन का?" बोलता येईल का, जेवता येईल का, हे त्यांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी विचारलं.

रबरी बॉल दाबायला सांगितला की पेशंट तिसऱ्या दिवशी कंटाळतो. म्हणून मी क्लिनिकमध्ये एक जुना कॉम्प्युटर, मोठा टीव्ही आणि खेळण्याचं स्टिअरिंग लावून ठेवलंय. रेसिंग गेम खेळताना मनगट दोनशे वेळा वळतं आणि पेशंटला कळतही नाही. दिगंबरभाऊंना तर ते आयतंच होतं. दोन महिने ते दिवसाआड एसटीनं यायचे, टीव्हीपुढे बसायचे आणि खेळता खेळता प्रत्येक गेमची सालं काढायचे.

मला तेव्हा फार मजा वाटायची. पहिल्या गेमबद्दल म्हणाले, "ह्या गाडीले वजनच नाई. भरलेली गाडी उतारावर मागून ढकलते. हे त कागदाची हाये." दुसऱ्यात ब्रेक फार चांगले लागतात म्हणून तो खोटा. तिसऱ्यात रस्ता इतका साफ की त्यांना रागच आला.

"रस्त्यानं एक माणूस नाई, एक बकरी नाई, कोणी हात दाखवत नाई. असा कोणता रस्ता रायते?"

"रेस आहे भाऊ. पॅसेंजर भरायचे नाहीत."

"मंग कायले पळून राह्यले येवढे?"

हात दाखवणं म्हणजे काय, ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. काळीपिवळीला स्टॉप नसतो. माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो, हात वर करतो, गाडी थांबते. दिगंबरभाऊंचा सगळा अभिमान त्यात होता. फाट्यावरच्या गर्दीत कोण नुसतं उभं आहे आणि कोणाला यायचंय, हे ते लांबून ओळखायचे म्हणे. "तीस वर्सांत एक हात खाली जाऊ देला नाई म्या," असं ते मला निदान दहा वेळा म्हणाले असतील.

याच मतांमध्ये काही तक्रारी सारख्या येत होत्या. एका गेमबद्दल म्हणाले, "ह्याच्यात नकाशाच नाई देला." नकाशा होता. स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. मी म्हटलं, आहे की. ते म्हणाले, "कुठं हाये?" तेवढ्यात दुसरा पेशंट आला आणि तो विषय तिथंच राहिला. दुसऱ्या गेममध्ये नकाशा उजव्या कोपऱ्यात होता. तो त्यांना पसंत पडला. "हा गेम इमानदार हाये. नकाशा देते." आणखी एक तक्रार अशी की, बाजूच्या गाड्या एकदम हवेतून टपकतात. भिंत अंगावर येते. गेम बनवणारे बदमाश आहेत.

मी हसायचे. ड्रायव्हर माणूस, गाडी घासली तर चूक रस्त्याचीच असणार, असं मी धरून चालले. स्कोअर तर वाढतच होता. रोजचे तेच चार ट्रॅक त्यांना पाठ झाले होते, हे मी लक्षातच घेतलं नाही. घरी बोटांचा व्यायाम व्हावा म्हणून मीच तो गाव वसवायचा गेम मोबाइलवर टाकून दिला. गाव कसं झालंय हे एकदाही पाहिलं नाही.

मग त्यांनी रिपोर्ट मागितला. गाडी चालवायला योग्य आहे, असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. डॉक्टरसाहेब शेजारच्या दवाखान्यात बसतात आणि लकव्याच्या पेशंटबाबत माझा कागद बघून सही करतात. मी लिहिलं, डाव्या हाताची पकड चांगली, स्टिअरिंगवर नियंत्रण चांगलं. इथवर ते माझं काम होतं. पुढे मी लिहिलं, गाडी चालवण्यास हरकत नाही. ते माझं काम नव्हतं. भाऊ समोर हात बांधून उभे होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्या कामाचा मला गर्व झाला होता. एवढ्यावर मी ते वाक्य लिहिलं.

आता ते गाव बघून मी ड्रॉवर उघडला. त्यात एक कागद असतो. पानभर बारीक बारीक रेघा असतात, सगळीकडे विखुरलेल्या. पेशंटनं प्रत्येक रेघेवर काट मारायची. लकव्याच्या पेशंटची पहिल्या आठवड्यात घ्यायची ही परीक्षा. मी ती घेतली नव्हती. त्यांनी डोळ्यांच्या तपासणीत शेवटची ओळ वाचली होती, म्हणून नजर ठीक, असं मी गृहीत धरलं होतं.

"भाऊ, या सगळ्या रेघा कापा."

त्यांनी भराभर रेघांवर काट मारली आणि पेन ठेवला. "झालं."

"सगळ्या?"

"हाव. एक नाई सोडली."

भाऊंबरोबर आलेल्या कुसुमवहिनी मागून वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, इकडच्या काऊन सोडल्या?"

"कोणच्या?"

"ह्या. अर्ध्या तशाच हायेत."

"कुठं हायेत वं? झाल्या ना सगळ्या."

मी कागद उलटा फिरवला. खालची बाजू वर, डावी बाजू उजवीकडे. ते कागदाकडे बघत राहिले. मग एका रेघेवर बोट ठेवलं, दुसरीवर ठेवलं.

"ह्या... ह्या आत्ता आल्या," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात याला निग्लेक्ट म्हणतात. डोळे चांगले असतात. दिसतंही. पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. आंधळ्या माणसाला आपण आंधळे आहोत हे कळतं. निग्लेक्टच्या पेशंटला काही कमी आहे असंच वाटत नाही. त्याचं जग पुरं असतं, फक्त ते अर्धं असतं. नकाशा नसतो. गाड्या हवेतून येतात. शत्रू कुठून आला कळत नाही. दिगंबरभाऊ दोन महिने मला त्यांच्या भाषेत निदान सांगत होते आणि मी त्याला गेमबद्दलची मतं समजत होते.

मी डॉक्टरसाहेबांना फोन लावला. "सर, दुसरबीडच्या पेशंटचा फॉर्म थांबवा."

"सही होऊन गेली मॅडम. चार दिवस झाले."

"रद्द करा. त्याला निग्लेक्ट आहे."

"तुम्ही हरकत नाही लिहिलं होतं."

"हो सर. चुकलं माझं."

"पेशंट कुठे आहे?"

"इथंच."

"गाडीची चावी घ्या आधी."

चावी मी मागितली. भाऊंनी दिली नाही. ती कुसुमवहिनींनी त्यांच्या खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. मग मी गाडी बघायला बाहेर आले. का आले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मला काही सापडू नये असं वाटत होतं.

डावा आरसा नव्हता. त्याची दांडी वाकून मागे गेली होती. पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून मागच्या दारापर्यंत ओरखडा होता, आणि दाराच्या कडीत मेथीची अर्धी जुडी अडकली होती. पानं अजून हिरवीगार होती.

वहिनी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना गाडी लागते. सगळा रस्ता त्या मधल्या सीटवर डोळे मिटून, नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

"सुलतानपूरच्या फाट्यावर धप झालं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्या इचारलं. हे म्हणे, खड्डा हाये."

मी सरकारी दवाखान्यात फोन केला. तासाभरापूर्वी सुलतानपूर फाट्यावरून एका बाईला आणलं होतं. काळीपिवळीनं उडवलेली. ड्रायव्हर थांबला नाही.

आत जाऊन दिगंबरभाऊंना सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी नसन म्याडम. मले कोणी दिसलंच नाई." ते खोटं बोलत नव्हते. मग मी मेथीची जुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजव्या हातात धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. पोलीस स्टेशनला आम्ही तिघं चालत गेलो. मी माझा रिपोर्ट बरोबर नेला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि लपवलं असतं तर मला अन्न गेलं नसतं.

त्या बाईंचं नाव गोदाबाई. दीड एकरात भाजी लावतात आणि टोपलं घेऊन बाजाराला जातात. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर चालायला शिकवायला त्यांना माझ्याकडेच पाठवलं. दुसरं कोणी जवळपास नव्हतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळं सांगून टाकलं, की त्या माणसाला गाडी चालवायला हरकत नाही असं मी लिहिलं होतं. त्या वॉकरच्या दांड्या धरून उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्या हात दाखोला बाई," त्या म्हणाल्या. "वळखीची गाडी होती. हे गाडी कधी पुढं जात नाई. म्हणून म्या दोन पावलं सामने झाली."

आता त्या काठी घेऊन चालतात. डोक्यावर टोपलं घेणं संपलं. भाजी सून नेते आणि गोदाबाई बांधावर खुर्ची टाकून बसतात. दिगंबरभाऊंचं लायसन गेलं, गाडी दुसऱ्याकडे गेली. केस चालू आहे. माझी साक्ष झाली.

भाऊ अजून येतात, एसटीनं, वहिनींबरोबर. मी टीव्हीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आहे. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच खेळायचं. सवयीनं थोडं सुधारतं. गाडी चालवण्याइतकं सुधारेलच असं नाही, आणि तसा शब्द मी त्यांना दिलेला नाही. त्यांच्या मोबाइलवरच्या गावाला आता डावीकडूनही भिंत आहे. वाकडीतिकडी आहे, पण आहे.

नवीन पेशंट गेम खेळून उठला की मी स्कोअर नंतर बघते. आधी विचारते, गेममध्ये काय खराब वाटलं? तो जे म्हणेल ते शब्दाला शब्द लिहून घेते. हे भाऊंच्या त्या दोन महिन्यांतच सुचायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात मी एक नवा रेसिंग गेम आणला. त्यात शहरातला रस्ता आहे, फुटपाथवर माणसं आहेत, मधूनच कोणी रस्ता ओलांडतं. भाऊंनी नेहमी मागितला होता तसाच. त्यांनी स्टिअरिंग धरलं, मान डावीकडे वळवून लाल पट्टी पाहिली, आणि पहिल्याच चौकात हात काढून घेतले.

"हा नको म्याडम. तो जुना लावा."

"का भाऊ? यात माणसं आहेत."

"म्हणून त," ते म्हणाले. "त्या जुन्यात कोणी हात दाखवत नाई."