माधुरीचा वर आलेला हात

रविवारी सकाळी बोरीवलीत माधुरीच्या बिल्डिंगखाली मी तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला आणि तिला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. सहाची वेळ ठरली होती, सव्वासहा होऊन गेले होते. तेवढ्यात तिचा मुलगा निखिल अनवाणीच खाली आला. "काकू, हॉर्न नका वाजवू," म्हणाला. "आई गेली. पहाटे... झोपेतच." गाडीच्या डिकीत आमचे दोन वेकबोर्ड, पाण्यावरून सरकायच्या फळ्या, होते आणि माझा राग नुकताच चढला होता. त्याला दीड महिना झाला. तो उतरलेला नाही.

घाटकोपरच्या एका विमा कार्यालयात आम्ही दोघी बावीस वर्षं शेजारी बसलो. ऑफिसची सहल पनवेलच्या पुढे एका तलावावर गेली होती. तिथे एक मुलगी फळीला पाय बांधून, मोटरबोटीची दोरी धरून पाण्यावरून सरसरत गेली. माधुरीने हातातली भेळ माझ्याकडे दिली आणि थेट शिकवणाऱ्या नेल्सनला गाठलं. "आंटी, तुमच्यासाठी बनाना बोट आहे ना," तो म्हणाला. "त्या केळ्यावर माझी नात बसते. मला ती फळी पाहिजे." तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. निखिलने "काही झालं तर लगेच बंद" या अटीवर परवानगी दिली. परवानगी! जिने त्याला एकटीने वाढवलं, तिला. मला तेव्हाच खटकलं होतं. ती मात्र हसून हो म्हणाली, आणि दर रविवारी मलाही शिकायला ओढून न्यायला लागली.

पाण्यात गुडघे छातीशी घेऊन बसायचं, हात सरळ ठेवायचे आणि बोट ओढेल तसं उभं राहायचं. ऐकायला सोपं. आम्ही सगळ्याजणी दोरी आपल्याकडे खेचायचो, उठायची घाई करायचो आणि तोंडावर पडायचो. नाकातोंडात तलाव. माधुरी दुसऱ्याच रविवारी उभी राहिली, मला पाच लागले. "अगं, लंच टाइम झाल्यासारखी काय उठतेस?" ती बोटीतून ओरडायची. "बस ना जरा, बोट उठवते आपल्याला!" अखेर मी उभी राहिले, तेव्हा ती आणि आमच्याबरोबर शिकणाऱ्या मुलुंडच्या दोघी देसाई बहिणी अशा किंचाळल्या की नेल्सनने घाबरून इंजिनच बंद केलं आणि मी परत बुडाले. मग काठावर ओल्या कपड्यांतच बटाटेवडे, आणि कुणाच्या मांडीवरचा काळानिळा डाग मोठा यावर भांडणं. इतकं मोठ्याने मी शाळेनंतर हसले नव्हते.

पडल्यावर हात वर करायचा, असा नियम आहे. हात वर म्हणजे मी ठीक आहे. माधुरीचा हात डोक्याच्या आधी पाण्याबाहेर यायचा, आणि आम्हाला त्याचं केवढं कौतुक! शेवटच्या रविवारी ती एका साध्या वळणावर पडली. हात लगेच वर आला. पण दोरी जवळ आली तरी तिने धरली नाही, नुसती तरंगत राहिली. "मॅडम, झोपलात काय?" नेल्सन म्हणाला. आम्ही हसलो. परतताना तिने सोडा प्यायला गाडी थांबवायला लावली. "अ‍ॅसिडिटी गं." मी म्हटलं, "चार वडे कुणी खाल्ले?" ...हे माझं शहाणपण.

ती गेल्यावर तिच्या पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. हृदयाची तपासणी ताबडतोब करा, असं लिहिलेली, तीन आठवड्यांपूर्वीची. तेराव्याला तिची एक मावशी म्हणाली, "त्या पाण्यातल्या उड्यांनीच घात केला." मी भरल्या पानावरून उठणार होते. घात त्या चिठ्ठीची घडी घालून ठेवण्याने केला. रोज भाजी काय केली ते फोन करून सांगणाऱ्या बाईने एवढी गोष्ट मला सांगितली नाही! समोर असती तर खांदे धरून हलवलं असतं तिला.

गेल्या आठवड्यात निखिलचा फोन आला. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मला सांगायला काय झालं होतं तिला? मी तिला लगेच नेलं असतं."

"आणि तिचे रविवार?"

"बंद केले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

कठोर बोलले. मागे घेणार नाही. पण त्यानेही फोन ठेवला नाही. आईचं लाइफ जॅकेट अजून बाल्कनीत दोरीवरच आहे, त्याचं काय करू, म्हणून विचारलं. "उन्हात ठेवू नकोस, आतला फोम खराब होतो. घरात घे," मी म्हटलं.

काल ते आणायला गेले. आमच्यात एक नवीन बाई येणार आहेत, त्यांना लागेल. निखिलने ते हॉलमध्ये, दाराजवळच्या खुंटीला टांगलं होतं. पट्टे तिच्या मापाला आवळलेले, तसेच. मी ते मागितलं नाही. चहा घेतला आणि त्याला विचारलं, "तुझ्या तपासण्या कधी केल्यास?"

"करतो ना काकू."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात..."

मी कप खाली ठेवला आणि त्याने माझ्यासमोर फोन लावून वेळ घेईपर्यंत सोफ्यावरून उठले नाही.