आबांच्या टॅबातले दोन हजार देव

आमचे आकारामआबा रिटायर हवालदार. नात संयोगिता सैन्यात भरती झाली, पण आबांच्या जुनाट टॅबात तिच्या शपथविधीच्या कसम परेडचा व्हिडिओ काही उतरेना. जागाच नव्हती. रोज सकाळी शुभेच्छांबरोबर आलेले दोन हजार देव आत बसले होते!

"आबा, पुसू का?" मी विचारलं.

"खबरदार! द्येव असं पुसत्यात व्हय गं?"

शेवटी मी सगळे देव मेमरी कार्डात हलवले. आबांनी कार्डाला हळदकुंकू वाहिलं, आरती म्हटली आणि "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत ते कृष्णामाईत सोडलं.

परेड उतरली. आबा ताठ उभे राहून सॅल्यूट ठोकत बघत होते, तोच टॅब टुंगटुंगला. मलकापूरच्या भावकीनं एकवीस गणपती धाडले होते.

सॅल्यूट न सोडता आबा गणपतीला म्हणाले, "आवं, पुढच्या वर्षी म्हनलं हुतं की!"