हवापालटासाठी भुईगावला

सासूबाई गेल्या तेव्हा चंदनसारच्या आमच्या फ्लॅटचे हप्ते चालूच होते. त्यात त्यांच्या आजारपणाचं कर्ज वाढलं. विम्याचे पैसे सुरुवातीलाच संपले होते. मग नवऱ्याने पर्सनल लोन काढलं, माझ्या बांगड्या आणि हार गहाण पडले, आणि शेवटी शेवटी औषधं दोघांच्या क्रेडिट कार्डांवर आणली. त्या दिवसांत कोणी हिशेब विचारत नव्हतं. डॉक्टर म्हणत, हे इंजेक्शन देऊन बघू, आणि आम्ही खाली मेडिकलच्या रांगेत उभे राहत असू.

हिशेब तेराव्यानंतर समोर आला. नवरा वसई पूर्वेला एका कारखान्यात सुपरवायझर, मी शाळेच्या ऑफिसात. दोन पगार म्हणजे लोकांना बरं चाललंय असं वाटतं. पण घराचा हप्ता, लोनचा हप्ता, सोन्याचं व्याज गेलं की उरलेल्या पैशांत महिना अर्धाच सरायचा, आणि उरलेला अर्धा पुन्हा कार्डावर. आम्ही धुण्याभांड्याची बाई बंद केली, मुलीचा डान्स क्लास बंद केला, मासळी आणणं जवळजवळ थांबवलं. तरी कार्डाची बाकी हलेना. एका रविवारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून हेच बोलत होतो, तेवढ्यात सासरे दारात येऊन उभे राहिले.

"फ्लॅट भाड्याने द्या," ते म्हणाले.

"आणि आपण कुठे जायचं?" नवऱ्याने विचारलं.

"जिथे स्वस्त मिळेल तिथे. हा हप्ता भाड्यातून सुटेल."

"बाबा, तुमचा सगळा फंड या घरात गेलाय."

"म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले.

एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांनी आयुष्य काढलं होतं. रिटायर झाल्यावर मिळालेला पैसा त्यांनी या घरासाठी दिला आणि दारावरच्या पाटीवर स्वतःचं नाव न घालता सासूबाईंचं घालायला लावलं. मला त्यांचं म्हणणं पटायला महिना लागला. नवऱ्याला तर ते शेवटपर्यंत पटलं नाही. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तो तयार झाला.

शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने वसईच्या समुद्राकाठी भुईगावात जागा मिळाली. एका ख्रिस्ती मावशींच्या घरामागे दोन खोल्या, पुढे केळी, बाजूला विहीर. मावशींचे यजमान वारले होते आणि मुलगी परदेशात नर्स होती. त्यांच्या घरात त्यांची वेगळी बोली चाले, आमच्याशी मात्र त्या जपून, सावकाश मराठी बोलत. त्यांनी विचारलं, "किती दिवस राहणार, बाय?"

मी खरं तेच सांगितलं. "कर्ज फिटेपर्यंत."

त्या म्हणाल्या, "मग भाडं दहा तारखेला दे. पगार झाल्याझाल्या बँकेवाले ओढतात ना."

पाटी आम्ही काढून सोबत आणली होती, पण त्या खोल्यांना ती लावली नाही.

तिथे आम्ही एकच पद्धत ठेवली. पगार आला की आधी हप्ते, मग कार्डाची जमेल तेवढी मोठी रक्कम, आणि उरलेले रोख पैसे चार आठवड्यांत वाटून बाबांच्या हातात द्यायचे. बाजारहाट बाबांनी स्वतःकडे घेतला. स्टोअरमधला माणूस तो. तेल किती दिवस पुरलं, गॅस कधी लावला, सगळं त्यांच्या डोक्यात असे. आठवड्याचे पैसे संपले की ते एवढंच म्हणत, "आता सोमवारी." मग तीन दिवस डाळ, भात आणि मावशींनी दिलेलं अळू. मुलगी तेव्हा नववीत होती. तिला शाळेसाठी पहाटे निघावं लागे. स्वतःचं घर असताना आपण इथे का राहतो, हे मैत्रिणींना काय सांगायचं, असं ती मला विचारायची. खरं सांग, असं मी म्हणायची. ती कोणालाच काही सांगत नसे.

महिन्यातून एक-दोनदा बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. बँकेत जाऊन येतो, म्हणत, आणि दुपार उलटल्यावर परतत. त्यांचं पेन्शन तुटपुंजं होतं, पण बँकेत त्यांची काही ना काही कामं निघतच. मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी भाडेकरूचा फोन आला की बाथरूममध्ये गळती आहे. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी चंदनसारला गेले. बिल्डिंगखाली गेटजवळच्या बाकावर सोसायटीतले म्हातारे बसले होते. त्यांतले एक काका आमच्याच मजल्यावरचे.

"काय गं, बाबा नाही आले आज?" त्यांनी विचारलं. "गेल्या आठवड्यात आले होते तेव्हा बरे दिसत होते. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली, ते बरं झालं. खोकला पार गेला म्हणाले."

बाबांना खोकला कधीच नव्हता. मी म्हटलं, "हो, आता बराच फरक आहे," आणि जिना चढले. प्लंबर काय सांगत होता त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी बाबा विहिरीजवळ दगडावर बसले होते. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

"काका भेटले होते. तुमचा खोकला गेल्याचं म्हणाले."

त्यांनी कप उचलला नाही. त्यांनी विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"फरक आहे म्हटलं."

"बरं केलंस."

"बाबा, कर्ज काय आपल्या एकट्यावर आहे? त्या बिल्डिंगीत कोणावर नाही?"

"कर्जाची लाज नाही मला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "कशाचं कर्ज, हे सांगावं लागतं. सांगितलं की माणसं म्हणतात, एवढं करून काय उपयोग झाला. तेराव्याला दोघांनी म्हटलं होतं मला. एकाने तर विचारलं, आधीच घरी का नाही आणलंत. मला ते पुन्हा ऐकायचं नाही. तिच्यावर झालेला खर्च वाया गेला, असं कोणी म्हणायला नको."

खरं तर तोच विचार कधीतरी माझ्याही मनात येऊन गेला होता, आणि नवऱ्याच्याही आला असणार; आम्ही एकमेकांना तो कधी सांगितला नव्हता, इतकंच. त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून बाबांच्या पैशांत त्याने गाडीभाड्याचे थोडे वेगळे ठेवायला सुरुवात केली. कशासाठी, हे बोलला नाही. बाबांनीही विचारलं नाही.

आधी कार्डं फिटली. मग माझ्या बांगड्या सुटल्या. हार मात्र मध्येच विकून टाकावा लागला. चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पर्सनल लोनचा शेवटचा हप्ता गेला. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी शाळेत प्रवेशाच्या गर्दीत होते, आणि आनंद होईल असं वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. फक्त खुर्चीत मागे टेकून बसले.

भाडेकरू निघून गेल्यावर किल्ली घ्यायला मी आणि बाबा चंदनसारला गेलो. बाकावर तेच काका होते, शेजारी अजून एक जण. बाबा त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आम्ही परत येतोय. मला खोकला वगैरे काही नव्हता. हिच्या सासूच्या आजारपणात कर्ज झालं होतं. फिटलं आता."

काका थोडे गोंधळले. शेजारचे गृहस्थ हळहळून म्हणाले, "पण बघा ना, एवढं सगळं करून वहिनी काही राहिल्या नाहीत."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"राहिली की. डॉक्टर म्हणाले होते, होळीसुद्धा बघणार नाही. ती गणपतीपर्यंत होती. नातीने वळलेला मोदक खाल्ला तिने. अर्धाच, पण खाल्ला."

काकांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग बाबा उठले आणि आम्ही वर गेलो.

भुईगाव सोडताना मावशींनी अनामत रक्कम पुरती परत केली, वर केळ्यांचा एक घड दिला. मला त्यांचा निरोप घेणं जड गेलं. बाबा त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभे होते. दोघांचीही माणसं गेलेली, त्यांचं काही वेगळं बोलणं असेल.

घराचे हप्ते अजून चालू आहेत. भाडेकरूंच्या मुलांनी भिंतीवर रेघोट्या मारल्या आहेत. रंग पुढच्या दिवाळीला काढू, असं ठरलंय. सामान लावताना बाबांनी स्वतःची कॉट हॉलमधून उचलायला सांगितली आणि आतल्या खोलीत खिडकीपाशी लावून घेतली. सासूबाईंचा पलंग तिथे असायचा. त्या गेल्यावर, घर भाड्याने देईपर्यंत ती जागा आम्ही मोकळीच ठेवली होती.